आम्हाला माळ्यावर ठेवू नका



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकासमोर बसायला बंदी होती. आता परवानगी मिळाली आहे, आणि नेमकं याच वेळी पुण्याच्या पुतण्यानं भांडण उकरून काढलं. तेव्हा आजचा लेख जरा तिखट होणार. नातेवाईक मंडळींनी आधी चहा पिऊन घ्यावा, मग वाचावं.

झालं असं, की पुतण्यानं मला एक फोटो पाठवला. खाजगी ट्रॅव्हल्सची नवी कोरी गाडी. आत निळे दिवे, पडदे, गाद्या, खाली एक झोपायची जागा आणि तिच्या डोक्यावर दुसरी. खाली लिहिलं होतं, "काका, परळीहून पुण्याला आता झोपून यायचं. किती दिवस बसून कंबर मोडून घेणार?" मी उत्तर दिलं, "मी त्या गाडीत चढणार नाही." त्यावर त्याचं उत्तर, "काका, तुम्हाला नव्या गोष्टींचं वावडं आहे."

हे मात्र मला लागलं. वयाच्या साठीनंतर नातवाकडून देवनागरी टंकलेखन शिकून ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाला नव्याचं वावडं? मला वावडं आहे ते न विचारता केलेल्या प्रयोगांचं. फोनवर हे सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. त्यानंही वाचावं, आणि तुम्हीही.

माझं म्हणणं एवढंच आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत माणसावर माणूस रचू नये. आणि रचायचाच असेल तर ज्याला वर चढता येत नाही आणि वेळ आली तर पटकन खाली उतरता येत नाही, त्याला आधी विचारावं.

आता आमच्या गावाची थोडी पार्श्वभूमी. धर्मापुरीला केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे, किल्ला आहे. बाहेरगावची अभ्यासू मंडळी ते शिल्पकाम बघायला येतात आणि हळहळत परत जातात. एवढ्या वैभवाच्या गावातून पुण्याला जायचं म्हणजे मात्र आधी परळी नाहीतर अंबाजोगाई गाठायची. रेल्वे म्हणाल तर परळीहून लातूर-कुर्डुवाडीचा मोठा वळसा. अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला, आणि परळीपर्यंतचा पुढचा मार्ग हे लिहितोय तोवर पूर्ण झालेला नाही. म्हणजे आमच्या पिढीचं सगळं आयुष्य बसवर गेलं. शिक्षण, नोकरी, लग्नकार्य, दवाखाना, मयत, सगळं बसनं. त्यामुळे बसबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार आपल्याला आहे असं मी समजतो.

आमच्या मराठवाड्यात सरकारी बस एसटीच्या आधीपासून आहे, हे नव्या पिढीला माहीत नसतं. निजामाच्या राज्यात १९३२ साली सत्तावीस गाड्यांनी सरकारी मोटार सेवा सुरू झाली. एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे आम्हीही लाल गाडीचे झालो. मी अंबाजोगाईला बी. ए. करत होतो तेव्हा टपावर सायकली, कोंबड्यांचे झाप, गुळाच्या ढेपी आणि आत माणसं असा मामला होता. त्या गाडीला आराम असा नव्हताच. पण एक गोष्ट होती. सामान वर आणि माणूस खाली! आता ते उलटं झालंय. सामान गाडीच्या पोटात आणि माणूस माळ्यावर.

तर आता माझा अनुभव सांगतो. गाडी कुणाची, ते सांगत नाही, कारण एकाचं नाव घेऊन उपयोग नाही. बहुतेक गाड्यांची तीच तऱ्हा.

२०२३ चा ऑगस्ट महिना. सौ.च्या गुडघ्याचं दुखणं फार वाढलं होतं, पुण्याच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. मुलानं मोबाइलवरून तिकिटं काढली. खालच्या जागा आधीच भरलेल्या, म्हणून वरच्या दोन मिळाल्या. मुलगा म्हणाला, "दादा, गाडीत गेल्यावर कुणीतरी बदलून देईल." परळीला रात्री गाडीत शिरलो. वर चढायला शिडी म्हणजे खांबाला बसवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, पाऊल निम्मंसुद्धा मावत नाही. पहिली पट्टी सौ.च्या कमरेला. तिनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी काय लोणच्याची बरणी आहे का, वर ठेवायला?"

गाडीतले लोक हसले. मीही हसलो. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते फक्त मला दिसलं. चाळीस वर्षं घर आणि शेत सांभाळलेली बाई, चारचौघांत तिला तिच्या गुडघ्यानं खाली बसवलं. शेवटी लातूरकडची कॉलेजात शिकणारी एक मुलगी पुढे आली, "आजी, तुम्ही इथं झोपा," म्हणाली आणि माकडासारखी सरसर वर गेली. तिचं भलं होवो. पण मंडळी, एखादी व्यवस्था जर दर रात्री कुणा ना कुणा मुलीच्या चांगुलपणावर चालत असेल, तर तिला व्यवस्था म्हणायचं का?

मी मात्र वर गेलो. म्हटलं, बघू तरी. वर बसता येत नाही, छत डोक्याला लागतं. पडूनच राहायचं. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी वळली की मी भिंतीवर, पुढच्या वळणाला कठड्यावर. खाली झोपलेल्याला एवढं जाणवत नसणार, कारण झाडाचा शेंडा जितका हलतो तितका बुंधा हलत नाही. रात्री दीडच्या सुमारास लघवीला जायची गरज वाटली. या वयात ती वाटतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंधारात पाय खाली सोडून पट्टी चाचपडू लागलो, तर पाय खाली झोपलेल्या गृहस्थाच्या पडद्यात. तो बिचारा दचकून उठला. मग मी परत वर गेलो आणि गाडी हॉटेलवर थांबेपर्यंत दोन तास तसाच पडून राहिलो.

त्या दोन तासांत झोप कसली येते? नुकताच, म्हणजे १ जुलैला, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळचा तो अपघात झाला होता. तोच डोक्यात. मी मोबाइलच्या उजेडात काच फोडायची हातोडी शोधली. ती अडकवायची जागा सापडली, हातोडी नव्हती. मागच्या बाजूला संकटकाळी बाहेर पडायची खिडकी होती, तिच्यापुढे कुणीतरी गाद्या आणि उशा रचून ठेवल्या होत्या. मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं मुलांच्या सहली नेल्या. मुलं मोजायची, दार मोजायचं, ही सवय अंगात भिनलेली. त्या रात्री मोजलं तर माणसं तीसच्या वर आणि प्रत्यक्षात उघडणारं दार एक.

पुतण्या म्हणतो, अपघात कुठल्याही गाडीला होतो. खरं आहे. पण अपघात झाल्यानंतरचे पहिले दोन-तीन मिनिटं कुठल्याही गाडीत सारखे नसतात. हा मुद्दा मला नीट मांडायचाय.

८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे निघालेल्या झोपायच्या गाडीला ट्रकशी टक्कर होऊन आग लागली. बारा माणसं गेली. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली गाडी सिंदखेडराजाजवळ उलटली. दाराची बाजूच खाली आली, दार जमिनीला टेकलं, आणि मग आग लागली. पंचवीस माणसं गेली. जी आठ वाचली त्यातल्या काहींनी काच फोडून बाहेर उडी मारली. २०२५ च्या एकाच ऑक्टोबर महिन्यात दोनदा तेच झालं. १४ तारखेला जैसलमेरजवळ, २४ तारखेला कर्नूलजवळ. दोन्ही वेळा झोपायच्या गाड्या, दोन्ही वेळा वीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं.

कारणं वेगवेगळी होती. कुठे टक्कर, कुठे मोटारसायकल गाडीखाली सापडलेली. ती कारणं मी गाडीच्या मजल्यांवर ढकलत नाही. पण रात्रीची वेळ, माणूस आडवा, झोपेत, पडद्याआड, अर्धी माणसं जमिनीपासून उंचावर, मधली वाट जेमतेम एका माणसाची, खिडक्या बंद, गाद्या, पडदे आणि रेक्झिन पेट घेणारे. धूर आधी वर जातो, हे चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. म्हणजे धूर पहिल्यांदा कुणाकडे जातो? वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे. आणि उतरायला सगळ्यात जास्त वेळ कुणाला लागतो? त्यालाच.

चीनमध्येही अशा गाड्या होत्या, मोठ्या संख्येनं होत्या. २०११ च्या जुलैत हेनान प्रांतात एका झोपायच्या बसला आग लागून एक्केचाळीस माणसं गेली. त्या गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, त्यांनी अशा नव्या गाड्या बांधणं आणि नोंदवणंच बंद केलं. चीनचं सगळं आपण घ्यावं असं मी म्हणत नाही. पण लांबलांबची अंतरं आणि रात्रीचे प्रवास त्यांनाही होतेच ना?

आता पुतण्याचा ठेवणीतला मुद्दा. त्यानं मला लिहिलं, "काका, दोन पातळ्यांची बस ही जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत ७० वर्षांपूर्वी होती. सीनीक्रूझर वाचा." मी वाचलं, नातवाला बरोबर घेऊन वाचलं. आणि त्याबद्दल पुतण्याचे आभार मानतो, कारण त्यानं माझ्या हातात माझंच हत्यार दिलं.

ती गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रेहाउंड या अमेरिकेतल्या मोठ्या बस कंपनीला गावागावांतून लांब जाणारी नवी गाडी हवी होती. लोक स्वतःच्या मोटारी घेऊ लागले होते, रेल्वे आणि विमानही होतंच. रेमंड लोवी हे तिथले नावाजलेले रचनाकार. त्यांना बरोबर घेऊन आधी दोन नमुना गाड्या झाल्या, जीएक्स-१ आणि जीएक्स-२. पहिली दुमजली. दुसरी चाळीस फुटांची आणि दोन पातळ्यांची. त्या दुसरीवरून १९५४ ते १९५६ या काळात जनरल मोटर्सनं १००१ गाड्या बांधल्या. तीच सीनीक्रूझर. ड्रायव्हर आणि त्याच्या मागची दहा आसनं खालच्या पातळीवर, मग पायऱ्यांसारखा चढ आणि वर तेहतीस आसनं. गाडीत शौचालय. (पुतण्या, हे शौचालय लक्षात ठेव. तुझ्या फोटोतल्या निळ्या दिव्यांच्या गाडीत ते आहे का?)

आता बघा, वरच्या पातळीच्या खाली काय होतं? सामान. माणसाच्या डोक्यावर माणूस नव्हता. मागची माणसं पुढच्यांपेक्षा उंच बसायची ती बाहेरचा मुलूख दिसावा म्हणून, नाटकाच्या थिएटरात मागच्या खुर्च्या उंच असतात तशी. सगळे जण सरळ बसलेले, पाय जमिनीवर, उठलं की चालू लागायचं. आमच्याकडच्या गाडीशी याचं नातं काय? "दोन पातळ्या" हे शब्द तेवढे सारखे.

शिवाय ती गाडीही सरळ निघाली नाही. एवढ्या मोठ्या गाडीला पुरेल असं एक डिझेल इंजिन तेव्हा सोयीचं मिळेना, म्हणून दोन इंजिनं एकत्र जोडली. त्या जोडणीनं इतका त्रास दिला, की १९६१-६२ च्या सुमारास चालू असलेल्या साडेनऊशेच्या वर गाड्या पुन्हा उघडून एकेक आठ सिलिंडरचं इंजिन बसवावं लागलं. दोन पातळ्यांमुळे सांगाड्याला भेगा जायच्या, तोही मजबूत करावा लागला. पुढे ग्रेहाउंडनं नव्या गाड्या घेतल्या त्या परत एका सपाट पातळीच्या. म्हणजे ज्यांनी हा प्रयोग एवढ्या हौसेनं केला, त्यांनी स्वतःच तो गुंडाळला.

मला त्या लोकांचं कौतुक वाटतं ते याच कारणासाठी. आधी नमुना बांधला, फिरवून बघितला, मग गाड्या बांधल्या, चुकलं ते पदरचा पैसा घालून दुरुस्त केलं. याला प्रयोग म्हणतात. शाळेत आम्ही विज्ञानाच्या तासाला मुलांना हेच शिकवायचो: कृती, निरीक्षण, अनुमान. आपल्याकडे कृती झाली. निरीक्षण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दर दोन-तीन वर्षांनी छापून येतं. अनुमान काढायला कुणी तयार नाही.

नियम नाहीत असं नाही हं. बसच्या सांगाड्यासाठी एआयएस-०५२ आणि खास झोपायच्या गाड्यांसाठी एआयएस-११९ अशी मानकं आपल्या देशात आहेत. संकटकाळी बाहेर पडायच्या वाटा, मधली वाट, झोपायच्या जागेची मापं, सगळं त्यात आहे. पण मानक कागदावर असतं आणि गाद्या खिडकीपुढे असतात. मानकात लिहिलेली हातोडी जर रात्री दीड वाजता माझ्या हाताला लागत नसेल, तर ती हातोडी नाहीच.

आता एसटीविषयीही बोललं पाहिजे, नाहीतर पुतण्या म्हणेल काका पक्षपाती. एसटीनं प्रवाशांना आराम द्यायचे प्रयत्न पुष्कळ केले. १९८२ च्या दिल्लीतल्या खेळांवरून नाव पडलेली एशियाड आली, तेव्हा आम्हाला राजेशाही वाटली होती. मग शिवनेरी, मग २०१७ साली शिवशाही. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत आपल्याच माणसांनी गाड्यांचे सांगाडे बांधले, आणि ॲल्युमिनियमऐवजी पोलादी सांगाडे करायचं ठरलं तेही प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी. आणि २०१९ साली एसटीनं शयन-आसनी गाडी आणली. म्हणजे खाली तीस आसनं आणि वर झोपायच्या पंधरा जागा, एकाच गाडीत, वातानुकूलन नाही, भाडं आवाक्यातलं.

हा प्रयोग मला निम्मा पटला. पटलेला निम्मा भाग असा, की म्हाताऱ्यानं कुठे जायचं हे त्या रचनेतच ठरलेलं आहे. खाली बसायचं. तरुणानं वर जाऊन झोपायचं. मोबाइलवर आधी बोट लावणाऱ्याला खालची जागा आणि गुडघेदुखीवाल्याला वरची, असला न्याय त्यात नाही. न पटलेला निम्मा भाग म्हणजे वरच्या पंधरांचं काय, हा प्रश्न तिथेही राहतोच. गाडी उलटली, धूर झाला, तर पंधरा माणसं वरून खालच्या तिसांच्या अंगावर उतरणार.

रेल्वेचंही एक उदाहरण सांगतो. साधारण २००७-०८ च्या सुमारास रेल्वेनं काही डब्यांत बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ घुसवला होता. ज्यांनी त्यातून प्रवास केला असेल त्यांना आठवत असेल. वरच्याला वळता येईना, खालच्याला बसता येईना. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या, की २००९ नंतर ते बर्थ काढायला घेतले. पाहा, लोक बोलले की लोखंडसुद्धा निघतं. शिवाय रेल्वेत वयस्कर माणसांना खालचा बर्थ द्यायचा कोटा आहे. रुळावरून चालणाऱ्या, मधून उठून फिरता येणाऱ्या, प्रत्येक डब्याला चार दारं असणाऱ्या गाडीत जर हा विचार होतो, तर घाटात वळणाऱ्या एका दाराच्या बसमध्ये का होऊ नये?

आता पुतण्याच्या बाजूनं जे खरं आहे तेही लिहितो. रात्रभर बसून गेलं की पाय सुजतात. माझेही सुजतात. कामगार माणूस, परीक्षेला जाणारी मुलगी, सकाळी उतरून थेट कामाला लागणारा मुलगा, यांना चार तास पाठ टेकायला मिळाली तर ती चैन नव्हे, गरज आहे. आमच्या भागातले किती तरी तरुण रविवारी रात्री गाडीत बसतात आणि सोमवारी सकाळी पुण्यात हजेरी लावतात. त्यांची झोप हिरावून घ्या असं मी कसं म्हणेन? आणि झोपायच्या जागा एकाच पातळीवर ठेवल्या तर गाडीत माणसं निम्मी मावतील, भाडं वाढेल, हेही खरं. वरचा मजला हा मुळात भाड्याच्या गणितातून आला आहे. मालकाचंही गणित असतं, डिझेल फुकट मिळत नाही.

पण मग गणित पूर्ण करा. मी वर्गात कच्चं काम खोडून उत्तर लिहिणाऱ्याला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. एका गाडीत जास्त माणसं घातल्यानं जे वाचतं ते एका बाजूला लिहा. आणि नाशिकचे बारा, सिंदखेडराजाचे पंचवीस, हे दुसऱ्या बाजूला लिहा. त्यांचा आकडा भाड्यात कुठे धरलाय ते मला दाखवा.

आणि एक सांगतो. आपल्याकडे बसमध्ये जे जे नवं होतं ते सगळं वरच्या दिशेनं होतं. उंच गाडी, उंच खिडकी, वरचा मजला. खालच्या दिशेनं कुणी प्रयोग करत नाही. शहरांत लो-फ्लोअर बस आल्या, पाय उचलावा लागत नाही अशा. आमच्या रस्त्यांवर तेवढी खाली गाडी चालणार नाही, खड्ड्यात पोट घासेल, मान्य. पण पहिल्या पायरीखाली आणखी एक दुमडती पायरी बसवायला कुठल्या रेमंड लोवीची गरज आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी प्रवास मोफत केला. मी आता त्यात बसतो, सरकारचे मनापासून आभार. पण बसस्थानकावर बघा, मोफत तिकिटाचं कार्ड हातात घेऊन एखादी म्हातारी दारातल्या दांड्याला धरून उभी असते, आणि मागून दोन माणसं तिला उचलून आत ढकलतात. तिकीट शून्यावर आलं, पायरी आहे तिथेच राहिली.

म्हणून माझ्या मागण्या. मी काही मंत्री नाही, पण लिहून ठेवतो. वाचकांत कुणी आरटीओत किंवा बस बांधणीच्या धंद्यात असेल तर त्यानं पुढे न्याव्यात.

एक, साठीच्या पुढच्यांना आणि गरोदर बायकांना वरची जागा विकूच नये. मोबाइलवर वय टाकावंच लागतं, मग यंत्राला तेवढं कळायला काय अडचण?

दोन, गाडी सुटण्यापूर्वी संकटकाळचं दार आणि खिडकी एकदा सगळ्यांसमोर उघडून दाखवावी. विमानात दाखवतात ना? उघडलं नाही तर गाडी सुटू नये.

तीन, वर चढायला शिडी असावी, पट्टी नको. पूर्ण पाऊल मावेल अशी, हात धरायला दांडा असलेली. ती बांधल्यावर एखाद्या सत्तरीच्या माणसाला चढून-उतरून दाखवायला सांगावं. कुणी मिळालं नाही तर मला बोलवा, मी येतो.

चार, पुढच्या गाड्या बांधताना माणसावर माणूस न रचता काय करता येईल याचा एकदा तरी खरा प्रयोग करावा. पाठ पुरेशी मागे जाणारी, पायाला आधार असलेली आसनं सामानाच्या वर, एकाच मजल्यावर. अमेरिकेच्या त्या गाडीतून घ्यायचंच असेल तर एवढं घ्या.

असो. शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. पुण्याहून परत येताना सौ.नं निक्षून सांगितलं, "बसून जाऊ, पण खाली बसून जाऊ." आम्ही लाल गाडीनं दोन टप्प्यांत आलो. मध्ये बीडला थांबलो, चहा-भजी खाल्ली, तिनं पाय पसरून तासभर बाकावर आराम केला. घरी पोचायला अख्खा दिवस गेला. पाय सुजले होते. रात्री मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसलो तेव्हा ती म्हणाली, "सुजले तर सुजले. उतरताना माझे मी उतरले ना?"

पुतण्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या काकूनं दिलं आहे. त्या निळ्या दिव्यांच्या गाडीतून तू ये, तुझं वय आहे. फक्त वर चढण्याआधी मागची खिडकी उघडते का ते बघ आणि हातोडी जागेवर आहे का ते बघ. नसेल तर ड्रायव्हरला विचार, आणि गाडीतल्या इतरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचार. दिवाळीला वाट बघतो.

तुम्हा सगळ्यांचे अनुभव जरूर कळवा. माझ्याशी भांडणारे असतील तर आणखी चांगलं, डोळा आता बरा आहे.